टाकाऊ लाकूड, टिकाऊ टेबल

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द शाळेतल्या मुलांना पाठ असतात. हस्तकलेच्या तासाला रिकाम्या डब्याला रंगीत कागद चिकटवायचा, बाटलीत कागदाची फुले खोचायची, प्रदर्शनात मांडायची. पालक कौतुक करतात, आणि आठ दिवसांनी ती ‘टिकाऊ’ वस्तू पुन्हा टाकाऊच्या ढिगात जाते. यात मुलांचा दोष नाही. ज्या वस्तूवर कोणाचे काही अवलंबून नाही, ती मजबूत करावी असे कोणाला वाटणार?

टेबलाचे तसे नसते. घरात आपण ज्याला ‘लाताब’ म्हणतो, त्याच्यावर रोज जेवण वाढले जाते, मुले गृहपाठ करतात, आजी डाळ निवडते, आणि दिवा बदलायचा झाला की घरातला उंच मुलगा त्याच्यावरच चढतो. ते डुगडुगले तर घरातल्या प्रत्येकाला कळते. म्हणून टाकाऊतून टिकाऊ ही खरी परीक्षा टेबलाची.

आज वाचकांना अशा एका टेबलाची कृती सांगायची आहे. पण त्याआधी थोडा वेळ जर्मनीत जाऊन येऊ. जर्मनी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारी आणि कारखान्यातली अचूक यंत्रे येतात. त्याच देशात गेल्या ऐंशी वर्षांत, टाकून दिलेल्या लाकडापासून स्वतःचे सामान स्वतः करण्याची वेळ लोकांवर पुन्हा पुन्हा आली. त्यांनी ते कसे केले आणि त्यातून काय मिळवले, हे पाहिले म्हणजे पुढची कृती अधिक नीट कळेल.

ढिगाऱ्यातून उभे राहिलेले घर

१९४५ च्या मे महिन्यात युरोपातले युद्ध संपले तेव्हा जर्मनीची मोठी शहरे विटामातीचे ढीग झाली होती. दुकानांत काही नव्हते, आणि जुन्या चलनाला किंमत उरली नव्हती. नवे चलन आले ते पश्चिम भागात १९४८ च्या जून महिन्यात. मधली तीन वर्षे लोकांनी हाताला लागेल त्यातून संसार उभा केला. सैनिकांच्या लोखंडी शिरस्त्राणांना भोके पाडून चाळण्या झाल्या. दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांच्या खुर्च्या आणि कपाटे झाली.

लाकूड तरी कुठे मुबलक होते? बर्लिनच्या मधोमध टियरगार्टन नावाचे मोठे उपवन आहे. तिथे सुमारे दोन लाख झाडे होती. बॉम्बवर्षावातून वाचलेली झाडे कडाक्याच्या थंडीत लोकांनी शेकोटीसाठी तोडली, आणि शेवटी जेमतेम सातशे उरली. मोकळ्या झालेल्या जमिनीत बटाटे आणि भाज्या लावल्या गेल्या. अशा वेळी हाती आलेली फळी जाळायची की तिचे टेबल करायचे, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे होता. जाळली तर एक रात्र ऊब मिळणार. टेबल केले तर सारे घर त्याच्याभोवती बसणार.

पुढे सुबत्ता आली, तरी हाताने करण्याची सवय गेली नाही. १९६० साली मानहाइम शहरात घरी काम करणाऱ्यांसाठी लाकूड, खिळे आणि हत्यारे विकणारे एक मोठे दुकान निघाले. त्याचे नाव बाउहाउस. अशी दुकाने पुढे जर्मनीभर पसरली.

कोणालाही मिळणारा नकाशा

१९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि युरोपातल्या श्रीमंत देशांनाही काटकसर आठवली. पुढच्याच वर्षी, १९७४ साली, दोन ठिकाणी एकाच दिशेने विचार सुरू झाला. जर्मनीत ऑफेनबाखच्या कलाशाळेत योखेन ग्रोस आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘देस-इन’ नावाचा गट काढला. त्यांनी मोटारीच्या जुन्या टायरांचा सोफा केला आणि चहाच्या खोक्यांचे कपाट केले.

इटलीत मिलान शहरी एन्झो मारी नावाचे नामवंत कलाकार होते. त्यांनी टेबल, खुर्ची, पलंग, कपाट अशा एकोणीस वस्तूंचे नकाशे तयार केले. लागायच्या त्या फक्त साध्या फळ्या, करवत, हातोडी आणि खिळे. सुताराची अवघड कूस आणि साळ नको, सरसही नको. जो कोणी टपालखर्च पाठवील त्याला नकाशे मिळत. अट एकच होती : घरी करणाऱ्याने खुशाल करावे, पण कारखानदार आणि व्यापाऱ्यांना ते नकाशे मोकळे नव्हते. मारींचे म्हणणे असे, की स्वतःच्या हाताने एक टेबल केले की माणसाला चांगली वस्तू कोणती आणि नुसती दिखाऊ कोणती हे आपोआप कळू लागते. २०२० साली मारी वारले, पण त्यांचे नकाशे आजही जगभर वापरले जातात.

बर्लिनमध्ये वान बो ले-मेंत्सेल या वास्तुशास्त्रज्ञाने हाच धागा २०१० मध्ये उचलला. तो लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबातला मुलगा. प्रौढांसाठी चालणाऱ्या लोकशाळेत सुतारकामाचा एक छोटा वर्ग करून त्याने चोवीस युरोंत आणि चोवीस तासांत होणारी खुर्ची तयार केली आणि तिचा नकाशा फुकट वाटला. त्या काळी जर्मनीत बेकारांना मिळणाऱ्या सरकारी मदतीला लोक ‘हार्ट्‌झ-चार’ म्हणत. ते नाव उच्चारताना आवाजात थोडी हेटाळणी असे. याने मुद्दामच आपल्या सामानाला तेच नाव दिले. पैसे नसलेला माणूसही चांगल्या खुर्चीवर बसू शकतो, हे त्याला सांगायचे होते.

बुडालेल्या नावांचे लाकूड

आता मुख्य गोष्टीकडे वळू. मारींच्या नकाशांचा सर्वांत मोलाचा उपयोग झाला तो बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात.

२०११ मध्ये लिबियात युद्ध पेटले. तिथे मोलमजुरी करणारे पश्चिम आफ्रिकेतले हजारो लोक जीव वाचवण्यासाठी मोडक्या नावांतून समुद्र ओलांडू लागले. पहिली जमीन लागे ती इटलीच्या लांपेदूसा बेटाची. सगळेच पोचत नसत. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी त्या बेटाजवळ एक नाव बुडाली आणि ३६० हून अधिक माणसे एका दिवसात गेली. जे वाचले त्यांना इटलीने कागद दिले. त्यातले काहीजण पुढे बर्लिनला आले. पण इटलीच्या कागदांवर जर्मनीत काम करण्याची परवानगी नव्हती. ओरानियेनप्लात्स नावाच्या चौकात निर्वासितांचा तंबूतळ पडला होता. तो २०१२ च्या ऑक्टोबरपासून २०१४ च्या एप्रिलपर्यंत तिथे होता.

जवळच ‘श्लेसिशे २७’ नावाचे तरुणांसाठी चालणारे कलाकेंद्र आहे. २०१३ च्या हिवाळ्यात तिथे काही निर्वासित तरुणांना आसरा मिळाला. ते माली आणि नायजर या देशांतले होते. अंगात ताकद होती, शिकण्याची हौस होती, पण दिवसभर करायचे काय? काम करणे कायद्याने बंद, आणि नुसते बसून कोणाच्या हातचे खाणे जिवावर येणारे. सेबास्टियान डेश्ले या कारागिराने त्यांना सांगितले, चला, आधी तुमच्या खोलीतले सामान आपणच करू. मारींचे नकाशे पुढ्यात घेतले, फळ्या आणल्या आणि काम सुरू झाले. भाषा वेगवेगळ्या, पण फळी कापायची कुठे हे बोट दाखवून सांगता येते.

यातून ‘कुकुला’ नावाची संस्था उभी राहिली. हाउसा भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मिळून काही करणे’ असा आहे, आणि ‘एकमेकांची काळजी घेणे’ असाही. केलेल्या वस्तू विकायच्या तर मारींची परवानगी हवी, कारण विक्रीसाठी त्यांचे नकाशे मोकळे नव्हते. व्यापाऱ्यांना बंद असलेले हे दार मारींनी या तरुणांसाठी उघडले. त्यांनी नकाशे वापरायला आणि त्यांत बदल करायलाही संमती दिली.

तो बदल काय केला? लांपेदूसाच्या किनाऱ्यावर मोडलेल्या नावांचे ढीग पडले होते. त्यांतल्या फळ्यांचे तुकडे आणून नव्या पाइनच्या खुर्चीत एकेक जोडला. फिकट पिवळ्या लाकडात मधेच एक निळी, खारवलेली, रंग उडालेली पट्टी दिसे. ज्या फळीवर कोणी जीव मुठीत धरून बसले असेल, तिच्यावर आता बर्लिनच्या घरात कोणी निवांत बसणार होते. २०१४ च्या अखेरीस संस्थेने लोकांकडे मदत मागितली आणि एक लाख युरोंहून अधिक रक्कम जमली. त्या पैशातून या तरुणांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. सुतारकाम, जर्मन भाषा आणि कायद्याची माहिती, तिन्ही बरोबर.

आपल्यापैकी कित्येकांचे पणजे-खापरपणजे मुंबई बंदरातून जहाजात बसून या बेटावर आले. ते ज्या जहाजातून उतरले त्याची एखादी फळी घरात असती, तर आपण ती जाळली असती का? बर्लिनच्या त्या तरुणांनी आपली फळी जाळली नाही आणि नुसती देव्हाऱ्यातही ठेवली नाही. तिला कामाला लावले. आश्रित म्हणून आलेली माणसे त्या कामातून शिकाऊ कारागीर झाली. मजबूत टेबल-खुर्ची करणे म्हणजे काय काय करणे असते, हे यावरून समजते.

लाकडाची पत्रिका पाहा

टाकाऊ लाकूड म्हणजे फुकटचे लाकूड, असे समजून कोणी कुठलीही फळी उचलून आणू नये. मुलीला स्थळ पाहताना आपण चौकशी करतो, तशी लाकडाचीही करावी. जर्मनीत २००३ पासून जुन्या लाकडासाठी एक सरकारी नियम लागू आहे. त्यात लाकडाचे चार वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात कोरे, नैसर्गिक लाकूड. दुसऱ्यात डिंकाने जोडलेले किंवा रंगवलेले, पण विषारी औषध न लावलेले. तिसऱ्यात प्लास्टिकची हानिकारक किनार किंवा थर असलेले. चौथ्यात कीड लागू नये म्हणून औषध मुरवलेले, म्हणजे रेल्वेचे स्लीपर आणि तारांचे खांब. ज्या टेबलावर अन्न ठेवायचे त्याला पहिल्याच वर्गाचे लाकूड घ्यावे. डांबरतेल प्यायलेला स्लीपर कितीही भक्कम दिसला तरी घरात आणू नये. हिरवट झाक असलेल्या औषधी खांबांत आर्सेनिक असू शकते. ते कापायचेही नाहीत आणि जाळायचेही नाहीत. फार जुन्या रंगात शिसे असते, म्हणून असा रंग घासून त्याची धूळ उडवू नये.

आपल्या बेटापुरती आणखी एक सूचना. १९६० च्या कारोल वादळानंतर बांधलेल्या काही वसाहतींत ॲस्बेस्टॉसचे पत्रे वापरले होते. असा पत्रा सपाट आणि गुळगुळीत दिसतो म्हणून कोणी टेबलावर बसवू नये. तो कापताना उडणारे तंतू छातीत जाऊन बसतात.

मग चांगले लाकूड मिळते कुठे? सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे पॅलेट, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी त्याच्या खाली ठेवतात तो लाकडी पाट. पोर्ट लुईच्या बंदरात मालाबरोबर अशी पॅलेटे येतात. युरोपातल्या रेल्वे संस्थांनी १९६१ मध्ये त्याचे एकच माप ठरवले : लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ८० आणि उंची १४.४. एका पॅलेटात अकरा फळ्या, नऊ ठोकळे आणि अठ्ठ्याहत्तर खिळे. वजन सुमारे पंचवीस किलो, पण भार पेलते दीड हजार किलोंचा. दिसायला ओबडधोबड असले तरी त्यामागे केवढा हिशेब आहे!

पॅलेटाच्या ठोकळ्यावर गव्हाच्या ओंबीचे चित्र असलेला शिक्का असतो. त्यावर देशाची दोन अक्षरे आणि प्रक्रियेची दोन अक्षरे असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग तीस मिनिटे तापवलेले आहे, ते चालेल. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नये. युरोपीय संघात ही धुरी २०१० पासून बंद आहे, पण इतर देशांतून आलेल्या किंवा जुन्या पॅलेटावर हा शिक्का आढळू शकतो. ज्यावर तेलाचे किंवा रसायनाचे डाग आहेत, तेही नको.

आणि विचारल्याशिवाय पॅलेट उचलू नका. युरोपात ठरावीक मापाची पॅलेटे देवाणघेवाणीत चालतात. भरलेली जितकी दिली तितकी रिकामी परत घ्यायची, असा व्यवहार असतो. कुंपणाजवळ पडलेले पॅलेटही कोणाच्या तरी हिशेबात असते. दुकानदाराला विचारावे, मोडलेली पॅलेटे तो आनंदाने देतो.

टेबल का डुगडुगते?

वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवता येतो. जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या घ्या आणि टाचण्यांनी जोडून चौकोन करा. एका कोपऱ्याला बोटाने ढकलले की चौकोन तिरका होऊन आडवा पडतो. आता पाचवी पट्टी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात लावा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, आणि कितीही ढकलले तरी तो हलत नाही. चौकोनाचे कोन बाजूंची लांबी न बदलता बदलू शकतात. त्रिकोणाचे बदलू शकत नाहीत.

टेबलाचा सगळा मजबुतीचा मंत्र यात आहे. लोक पाय जाड करतात, खिळे वाढवतात, तरी टेबल डुलतच राहते, कारण त्यात त्रिकोण नसतो. एक तिरपी पट्टी दहा खिळ्यांचे काम करते. मारींच्या टेबलांखाली अशा तिरप्या पट्ट्या उघड दिसतात. त्यांनी त्या लपवल्या नाहीत.

कृती

चार-पाच माणसांच्या टेबलाला दोन पॅलेटे पुरतात. मोडतोड होते म्हणून तिसरे हाताशी असलेले बरे. हत्यारे : करवत, हातोडी, पहार, गिरमिट, स्क्रू पिळण्याचे हत्यार, गुण्या आणि काचकागद.

आधी फळ्या सोडवा. पॅलेटाचे खिळे पिळाचे असतात, त्यामुळे पहारीने जोर केला की फळी चिरते. फळी आणि ठोकळा यांच्या फटीत लोखंड कापायचे पाते घालून खिळाच कापला, तर फळी शाबूत निघते. रंधा मारण्यापूर्वी फळीवरून लोहचुंबक फिरवा. राहिलेला खिळ्याचा तुकडा रंध्याचे पाते खराब करतो.

माथ्यासाठी एका पॅलेटाच्या वरच्या पाच फळ्या घ्या. त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की १२० लांब आणि सुमारे ६५ सेंटिमीटर रुंद माथा होतो. दोन फळ्यांत दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवा. पावसाळी हवेत लाकूड रुंदीत फुगते. जागा मिळाली नाही तर माथा वाकतो. या पाचही फळ्या खालून तीन आडव्या पट्ट्यांनी बांधा, दोन कडेला आणि एक मध्यावर.

पायासाठी ७३ सेंटिमीटरचे आठ तुकडे कापा. दोन-दोन तुकडे काटकोनात जोडा, म्हणजे चार कोनाकृती पाय होतात. बावीस मिलिमीटरची एक फळी वाकेल, पण काटकोनात जोडलेल्या दोन वाकत नाहीत. स्क्रू पिळण्यापूर्वी गिरमिटाने बारीक भोक पाडा, नाहीतर लाकूड फाटते. फळीवर फळी जोडताना ४० मिलिमीटरचा स्क्रू, आणि फळीच्या कडेत शिरवायचा असेल तर ५० ते ६० मिलिमीटरचा.

आता दोन पाय, वर एक आडवी फळी आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर दुसरी, अशी एका टोकाची चौकट करा. तिला बाहेरून एक तिरपी पट्टी ठोका. तशीच दुसरी चौकट करा. काटकोन आहे का ते पाहायला एका बाजूवर ३० आणि दुसऱ्या बाजूवर ४० सेंटिमीटरला खूण करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५० आले की कोन सरळ. मुलांना भूमितीत शिकवलेला सिद्धांत इथे हाताशी येतो.

दोन्ही चौकटी लांब फळ्यांनी वरच्या अंगाला जोडा. त्यासाठी १० सेंटिमीटर रुंदीच्याच फळ्या घ्या. रुंद लावल्या तर बसणाऱ्याचे गुडघे आपटतात. मग सुतळीने दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तरच माथा बसवा. शेवटी प्रत्येक चौकटीच्या खालच्या आडव्या फळीच्या मध्यापासून माथ्याखालच्या मधल्या पट्टीपर्यंत एक-एक तिरपी पट्टी लावा. त्या टेबलाच्या मधोमध असतात, म्हणून पायांत येत नाहीत. लांबीच्या दिशेने टेबल डुलायचे थांबते ते त्यांच्यामुळे.

टेबल सपाट जमिनीवर ठेवून पाहा. एक पाय आखूड पडला तर त्याखाली पाचर सारून टेबल स्थिर करा. पाचरीची जाडी मोजा, बाकी तीन पायांवर तेवढीच खूण करा आणि तेवढे कापा. काचकागदाने घासून जवसाचे तेल दोन-तीन वेळा चोळा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा घराबाहेर सावलीत मोकळी पसरा. पाइनच्या लाकडाला वाळवी लवकर लागते, म्हणून पायांखाली पत्र्याच्या टोप्या बसवा आणि टेबल ओल्या जमिनीवर ठेवू नका.

टेबलच मार्क देते

जर्मनीत म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख म्हणून १८९५ ते १९१९ पर्यंत गेऑर्ग केर्शनश्टाइनर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी शाळांत लाकूडकामाच्या आणि लोखंडकामाच्या कार्यशाळा आणल्या. ते एक उदाहरण नेहमी देत : मुलाला एका पक्ष्यासाठी लाकडी घरटे करायला सांगा. पक्षी साळुंकीच्या कुळातला. मुलाला आधी मनात आराखडा करावा लागतो, मग मापे घ्यावी लागतात, मग कापावे आणि जोडावे लागते. शेवटी फळ्या जुळतात की नाही हे त्याला शिक्षकाने सांगावे लागत नाही. वस्तूच त्याची परीक्षा घेते. १९१९ च्या जर्मन राज्यघटनेत श्रमशिक्षण हा शाळेचा विषय म्हणून लिहिला गेला.

हा विचार आपल्या पूर्वजांच्या मुलखातही पोचला. झाकीर हुसेन बर्लिनच्या विद्यापीठात शिकले आणि १९२६ मध्ये तिथे डॉक्टर झाले. केर्शनश्टाइनरच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून सगळे शिक्षण द्यावे, या गांधीजींच्या कल्पनेचा अभ्यासक्रम आखण्यासाठी समिती नेमली, आणि तिचे अध्यक्षपद झाकीर हुसेनांकडे आले. पुढे १९६७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. म्युनिकच्या शाळेतले पक्षीघर आणि वर्ध्याची टकळी यांचे नाते हे असे आहे.

आज आपल्याकडे हुशार मूल म्हणजे परीक्षेत पहिला येणारा मूल. करवत धरणाऱ्याकडे आपण ‘अभ्यासात मागे पडला’ अशा नजरेने पाहतो. अभ्यास हवाच, या बेटावर आपल्या घरांना शिक्षणानेच वर आणले, हे कोणी नाकारणार नाही. पण ज्याला कर्ण सोडवता येतो आणि टेबलाची तिरपी पट्टी कुठे लावायची ते कळत नाही, त्याचे शिक्षण अर्धेच झाले. ज्याला पट्टी लावता येते त्याला ‘मागे पडलेला’ म्हणणे ही तर आपलीच चूक.

म्हणून, वाचकहो, येत्या सुट्टीत घरातल्या मुलामुलींना बरोबर घेऊन एक टेबल करून पाहा. मुलींनाही घ्या, करवत कोणाचा हात पाहून चालत नाही. आजोबांना सुतारकाम येत असेल तर त्यांना खुर्ची टाकून शेजारी बसवा आणि सांगू द्या. टेबल उभे राहिले की दोन मोठ्या माणसांनी त्याच्यावर बसून पाहावे. हलले तर त्रिकोण कुठे राहिला ते मुलांनाच शोधू द्या. आणि माथा बसवण्यापूर्वी त्याच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने चार शब्द लिहून ठेवा : लाकूड कुठून आले, कोणी कोणी केले, आणि साल कोणते. पुढे कधीतरी त्या टेबलाखाली शिरलेले एखादे नातवंड ते वाचील.